नदी सुटली : एडमंटनहून प्रशांत महासागरापर्यंतचा एक निरोपाचा प्रवास

अध्यक्ष महोदय आणि वाईकर श्रोतेहो,

मी कृष्णेच्या घाटावर लहानाची मोठी झाले, आणि विसाव्या वर्षी दहा महिने दुसऱ्या एका नदीच्या काठी राहिले. त्या दुसऱ्या नदीचा निरोप घेण्यासाठी २०१२ च्या जुलैमध्ये पश्चिम कॅनडात जो प्रवास घडला, त्याविषयी आज आपल्यासमोर बोलायचे आहे.

विद्यार्थी-विनिमय योजनेतून मी एडमंटनच्या अल्बर्टा विद्यापीठात शिकायला गेले होते. एका वृद्ध दांपत्याच्या घरी वरच्या मजल्यावरची खोली मला मिळाली होती. त्या बाईंना नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ तीन महिने धजावली नाही. आईपेक्षाही मोठ्या बाईला आपण ‘अहो’ म्हणणार, आणि इंग्रजीत ‘अहो’ला शब्दच नाही. विद्यापीठ नॉर्थ सास्काचेवान नदीच्या दक्षिण तीरावर आहे, आणि १९१३ साली बांधलेला हाय लेव्हल ब्रिज ओलांडला की पलीकडे शहराचा मध्यभाग लागतो. सास्काचेवान हे नाव क्री या तिथल्या मूलनिवासी भाषेतले असून त्याचा अर्थ ‘वेगाने वाहणारी’ असा होतो. हिवाळ्यात मात्र ही वेगवती नदी गोठून पडते. उणे तीस अंशांच्या थंडीत पुलावरून चालताना खाली पाहिले, तर पांढऱ्या पठारावरून स्की करणारी माणसे दिसत. वसंत ऋतूत एके दिवशी बर्फ तडकतो, त्याचे मोठमोठे तुकडे एकमेकांवर चढत, घासत वाहू लागतात, आणि त्या दिवसाची तारीख ते दांपत्य स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने गोल करून ठेवत असे. त्यासाठी त्यांचा एक शब्द होता, त्याचे मराठी मी मनाशी केले होते : नदी सुटली.

जून संपताना परतीचे तिकीट हातात आले, तेव्हा बाईंनी विचारले, जाण्याआधी काय बघायचे आहे? मी म्हटले, ही नदी कुठून येते ते. वाईच्या मुलीला दुसरे काय सुचणार? क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात उभे राहून, कृष्णा आणि सावित्री एकाच डोंगरावरून निघतात, पण एक पूर्वेला बंगालच्या उपसागराकडे आणि दुसरी पश्चिमेला बाणकोटच्या खाडीकडे जाते, हे मी वडिलांकडून किती वेळा ऐकले असेल त्याची गणती नाही.

एडमंटनहून जॅस्परपर्यंतचा रस्ता साधारण ३६५ किलोमीटरचा. पहिले तीन तास सपाट जमीन, मोहरीच्या भाऊबंदांपैकी असलेल्या कॅनोलाची पिवळी होऊ लागलेली शेते आणि मग सूचिपर्णी वृक्षांची जंगले. पुढे रॉकी पर्वताची भिंत एकाएकी समोर उभी राहते. जॅस्पर हे अथाबास्का नदीच्या खोऱ्यातले छोटे, रेल्वेमुळे वाढलेले गाव. यजमानांनी तिथे मला एक गोष्ट आवर्जून सांगितली. जॅस्परचे राखीव उद्यान १९०७ मध्ये जाहीर झाले, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्या मेटी, म्हणजे मूलनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या, कुटुंबांना घरेदारे सोडून जावे लागले. पर्यटकांना जे ‘अस्पर्श’ म्हणून दाखवले जाते, तिथे कुणाची तरी चूल होती. धोम धरणासाठी उठलेल्या गावांतली माणसे आज या सभागृहातही बसलेली असतील. त्यांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

जॅस्परपासून लेक लुईसपर्यंतचा २३० किलोमीटरचा रस्ता हिमक्षेत्रांच्या कडेने जातो. त्या रस्त्याच्या साधारण मध्यावर कोलंबिया हिमक्षेत्र आहे आणि तिथूनच अथाबास्का हिमनदीची जीभ खाली उतरलेली दिसते. गाडीतळापासून तिच्याकडे चालत जाताना वाटेवर जागोजागी सालांचे फलक लावलेले आहेत : या साली बर्फाची कड इथे होती. मी १९९२ च्या फलकाशी थांबले, कारण ते माझे जन्मसाल. माझ्या जन्माच्या वेळी जिथे बर्फ होता, तिथे माझ्या पायाखाली करडी, ओलसर खडी होती, आणि बर्फ पुढे बराच दूर, वर सरकलेला होता. गेल्या सव्वाशे वर्षांत ही हिमनदी दीड किलोमीटरहून अधिक मागे हटली आहे. आकडा मी वर्गात वाचला होता. पण आपल्याच वयाइतके अंतर पावलांनी मोजताना घशाशी काहीतरी अडकते, तसे मला त्या दिवशी झाले.

तिथून स्नो डोम नावाचे, सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीचे बर्फाच्छादित शिखर दिसते. त्याच्या माथ्यावरचे पाणी तीन दिशांना वाटले जाते. एक वाटा अथाबास्कातून उत्तरेला, मॅकेंझी नदीच्या वाटेने आर्क्टिक महासागराला. दुसरा कोलंबिया नदीतून प्रशांत महासागराला. आणि तिसरा माझ्या नॉर्थ सास्काचेवानमधून, प्रेअरीची सारी मैदाने ओलांडून, विनिपेग सरोवरातून हडसनच्या उपसागराला. आमच्या महाबळेश्वरच्या डोंगराने दोन समुद्रांना पाणी दिले, हा माझा लहानपणापासूनचा अभिमान; त्याला भावंड सापडल्यासारखे मला वाटले.

खिंड ओलांडल्यावर पार्कर रिज नावाची चढण लागते. जुलै उजाडला तरी वाटेवर बर्फाचे पट्टे होते, आणि यजमान गुडघेदुखीमुळे खालीच थांबले. बाई आणि मी वर पोचलो, तेव्हा पलीकडच्या दरीत सास्काचेवान हिमनदी लांबच लांब पसरलेली दिसली, आणि तिच्या टोकाशी राखाडी पाण्याचे एक लहानसे तळे, त्यातून निघणारी एक बारीक रेघ. हीच ती. दहा महिने जिच्यावरून मी रोज वर्गाला गेले, ती नदी तिथे परकराच्या नाडीएवढी होती. बाई एडमंटनमध्ये जन्मलेल्या, पण त्याही या कड्यावर पहिल्यांदाच आल्या होत्या, आणि कितीतरी वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही.

खाली उतरून रस्त्यालगत नदीच्या पात्राशी गाडी थांबवली आणि मी हात पाण्यात घातले. बोटे क्षणात बधिर झाली. पाणी दुधात राख कालवल्यासारखे. हिमनदी खडक घासत उतरते आणि त्या खडकाचे जात्यातून काढल्यासारखे बारीक पीठ होऊन पाण्यात तरंगत राहते. हात वाऱ्यावर वाळले तेव्हा तळव्याच्या रेषांमध्ये करडा, मऊ लेप उरला होता. तेच पीठ पेयटो आणि लुईस या सरोवरांत शांतपणे तरंगताना सूर्याचा प्रकाश असा विखुरते, की पाण्याला मोरपिशी, दुधाळ रंग येतो. ही सरोवरे सुंदर आहेत, त्यांची छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत, म्हणून त्यांच्यावर मी अधिक वेळ घेत नाही.

बॅन्फला बस थांब्यावर यजमानांनी माझा निरोप घेतला. बाईंनी पाकिटातून घडी केलेला कागद काढून माझ्या हातावर ठेवला. ते कॅलेंडरचे एप्रिलचे पान होते, पेन्सिलीच्या गोलासकट. मी वाकून नमस्कार केला. त्यांना तो ठाऊक नव्हता, पण त्यांचा हात आपसूक माझ्या डोक्यावर आला.

पुढचा प्रवास मी एकटीने ग्रेहाउंडच्या बसने केला. पश्चिम कॅनडातली ती बससेवा २०१८ च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली. किकिंग हॉर्स खिंडीनंतर महामार्ग बराच वेळ कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या सोबतीने जातो. रेव्हलस्टोकच्या पुढे क्रेगेलाखी हे ठिकाण संध्याकाळच्या उजेडात मागे पडले. तिथे ७ नोव्हेंबर १८८५ रोजी रेल्वे कंपनीचे एक संचालक डोनाल्ड स्मिथ यांनी रेल्वेचा शेवटचा खिळा ठोकला. या मार्गाच्या ब्रिटिश कोलंबियातील कामावर सुमारे पंधरा हजार चिनी मजूर राबले, शेकडो मेले; आणि काम संपले त्याच वर्षी चिनी माणसांवर देशात शिरण्यासाठी ५० डॉलरचा कर बसवला गेला, जो १९०३ मध्ये ५०० डॉलरवर नेण्यात आला. घाम चालतो आणि माणूस चालत नाही, असा तो कायदा होता. कॅनडाच्या सरकारने त्याबद्दल २००६ मध्ये माफी मागितली.

पहाटे होप गावाजवळ डोळे उघडले, तेव्हा खिडकीबाहेर फ्रेझर नदी होती. रुंद, गढूळ, पावसाळ्यातल्या कृष्णेच्या रंगाची. तीही रॉकीतच उगम पावते, आणि व्हँकूवरपाशी समुद्राला मिळते.

व्हँकूवरच्या कोल हार्बरच्या काठावर मी एक दुपार काढली. २३ मे १९१४ रोजी ‘कोमागाता मारू’ हे जहाज याच खाडीत आले, आणि त्यावर ३७६ हिंदी प्रवासी होते. बहुतेक शीख, काही मुसलमान, काही हिंदू. जन्मदेशापासून थेट, न थांबता प्रवास केला असेल तरच प्रवेश, असा नियम १९०८ पासून होता, आणि हिंदुस्थानातून तसा प्रवास करण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. जहाज भाड्याने घेणारे बाबा गुरदित्तसिंग आणि त्यांचे सोबती दोन महिने किनारा बघत डेकवर उभे राहिले. वीसेक जणांनाच उतरू दिले आणि २३ जुलैला युद्धनौकेच्या धाकाने जहाज परत धाडले. बंगालमध्ये बजबजला ते पोचल्यावर पोलिसांच्या गोळीबारात अनेक जण मारले गेले. माझ्या पासपोर्टवर विद्यार्थी म्हणून शिक्का मारायला विमानतळावरच्या अधिकाऱ्याला पाच मिनिटेही लागली नव्हती. ते पाच मिनिटांचे दार कुणी किती काळ ठोठावले होते, हे मला त्या काठावर कळले, आणि ते कळल्याशिवाय मी परत आले असते तर माझा कॅनडा अर्धाच राहिला असता. आज तिथे स्मारक आहे. १८ मे २०१६ रोजी पंतप्रधान जस्टिन ट्रूडो यांनी संसदेत माफी मागितली.

त्या संध्याकाळी मी समुद्रावर जाऊन वाईला फोन लावला. वडील म्हणाले, महाबळेश्वरला पावसाने जोर धरला आहे.

परतल्यापासून दर वसंतात बाईंचे पत्र येते, आणि त्यात पहिल्या ओळीत तारीख असते. २०२४ मध्ये मात्र त्यांचे दुसरेही पत्र आले, ऑगस्टमध्ये. जुलैच्या २४ तारखेला वणवा जॅस्परमध्ये शिरला होता आणि गावातल्या सुमारे एक तृतीयांश इमारती जळल्या होत्या. माणसे दोन दिवस आधीच बाहेर काढली होती, म्हणून गावकरी वाचले. आम्ही तिघांनी जिथे रात्रीचे जेवण केले होते, ती गल्ली राहिली की गेली, हे बाईंनी लिहिले नाही आणि मी विचारले नाही.

माझे उत्तर नेहमी उशिरा जाते. कृष्णेला पावसाळ्याचे पहिले गढूळ पाणी येऊन घाटाची खालची पायरी बुडाली, की मी त्या दिवसाची तारीख त्यांना कळवते. यंदाचे त्यांचे पत्र एप्रिलमध्ये आले. नदी सुटली आहे. आता मे महिना चालू आहे, आणि मी अजून पाण्याची वाट पाहते आहे.