चालू प्रोसेसमागची खरी फाइल

पडद्यावरच्या चालू प्रोसेसच्या, म्हणजे सुरू असलेल्या प्रोग्रामांच्या, या यादीत ४१२७ क्रमांकाच्या प्रोसेससमोर ‘एसएसएचडी’ हे दूरवरून लॉगिन करू देणाऱ्या सेवेचे ओळखीचे नाव दिसते. हे नाव तिने स्वतःच लावून घेतलेले असू शकते. प्रोग्राम सुरू करताना त्याला दिलेले पहिले आर्ग्युमेंट, म्हणजे त्याला पुरवलेल्या शब्दांतला पहिला शब्द, काहीही असू शकते आणि लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या ‘कॉम’ या नोंदीतले १५ बाइटपर्यंतचे नावही प्रोसेसला चालता चालता बदलता येते. त्यामुळे केवळ या रकान्यावर विसंबणे म्हणजे संशयिताने सांगितलेल्या नावावर पंचनामा उरकण्यासारखे आहे.

आता आपण ‘/प्रॉक’ या डिरेक्टरीत आलो आहोत. ही डिरेक्टरी डिस्कवर साठवलेली नसते, तर वाचणारा मागेल त्या क्षणी कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, तिच्यातला मजकूर तयार करून देतो. प्रोसेसकडे फाइल म्हणून पाहण्याची कल्पना टॉम किलियन यांनी यूनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या आठव्या आवृत्तीसाठी प्रत्यक्षात आणली आणि १९८४ साली ती निबंधरूपाने मांडली. तेव्हा प्रत्येक प्रोसेसची एकच फाइल असे आणि डीबगरला, म्हणजे प्रोग्राममधले दोष शोधणाऱ्या साधनाला, तिच्यातून प्रोसेसची मेमरी वाचता येई. पुढे प्लॅन ९ या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये त्या फाइलच्या जागी डिरेक्टरी आली आणि लिनक्सनेही तीच वाट धरली.

४१२७ च्या डिरेक्टरीतली ‘एक्झी’ ही प्रोसेसमागच्या फाइलकडे नेणारी लिंक पाहा. बाणापुढचा मार्ग कोणत्याही सेवेचा नाही, तो ‘/टेम्प’ या तात्पुरत्या फाइलींच्या डिरेक्टरीमधल्या एका लपवलेल्या फाइलचा आहे आणि त्याच्या शेवटी कंसात ‘डिलीटेड’ असा शेरा आहे. प्रोग्राम मेमरीत चढवताना कर्नल त्याच्या फाइलचा संदर्भ प्रोसेसच्या मेमरीच्या नोंदीत धरून ठेवतो आणि ही लिंक त्या संदर्भावरूनच उलगडते. फाइल पुसली की डिरेक्टरीतले नाव जाते, पण संदर्भ असेपर्यंत आयनोड, म्हणजे डिस्कवरची फाइलची मूळ नोंद, आणि मजकूर शाबूत राहतात. म्हणूनच इथे टाइप होत असलेली साधी ‘सीपी’ कमांड त्याच लिंकवरून पुसलेल्या फाइलची संपूर्ण प्रत काढते. प्रोसेस आधीच बंद केली असती, तर हा पुरावा हातचा गेला असता.

दुसऱ्या खिडकीतली प्रोसेस पायथनच्या स्क्रिप्टची आहे आणि तिची लिंक पायथनच्या इंटरप्रिटरकडे, म्हणजे स्क्रिप्ट वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामकडे, जाते, जे योग्यच आहे, कारण कर्नलच्या लेखी चालू असलेली फाइल तीच आहे. स्क्रिप्टचा माग आर्ग्युमेंटमधून आणि उघड्या फाइलींमधून काढावा लागतो. कर्नलच्या स्वतःच्या थ्रेडना अशी फाइलच नसते, तर दुसऱ्या वापरकर्त्याच्या प्रोसेसची लिंक वाचायला सहसा रूटचे, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याचे, अधिकार लागतात. काही अटींवर ही लिंक बदलण्याची मुभा लिनक्स ३.५ पासून आहे, पण नाव बदलण्याइतके ते सोपे नाही.

फ्रीबीएसडी या यूनिक्सच्या वंशातल्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये प्रोसेसमागची फाइल कोणती हा प्रश्न ‘सिसकंट्रोल’ या कर्नलकडून माहिती घेण्याच्या सोयीद्वारे विचारता येतो, तर मॅकओएसमध्ये आणि व्हिस्टापासून पुढच्या विंडोजमध्ये त्यासाठी स्वतंत्र फंक्शन आहेत.