श्रावणातली कोरडी वाटी

(काळोख. कौलांवर पावसाचा आवाज. मग मोबाईलच्या टॉर्चचा एक झोत, त्यावर धरलेलं अंडं.)

लाईट गेलीय. दापोली तालुक्यात श्रावणात लाईट जाते त्याचं कुणाला काय वाटत नाही, पण आमच्या पडवीत आत्ता छत्तीस अंडी उबवायला बसलीयेत मशीनमध्ये, त्यामुळे लाईट गेली की घरातले सगळे आधी देवाकडे नाही तर त्या खोक्याकडे बघतात.

हे अंडं बघा जरा. सातवा दिवस आहे याचा. पुठ्ठ्याला रुपयाएवढं भोक पाडलंय, खालून टॉर्च लावलाय, आणि त्यावर अंड्याची रुंद बाजू टेकवलीय. आत लालसर जाळं दिसतंय ना, कोळ्याचं असतं तसं, मधे काळा ठिपका? तो ठिपका हलतोय, नीट बघा, हातानं नाय हलत तो, स्वतःहून हलतोय. काळीज तर त्याचं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच धडधडायला लागलेलं असतं. आणि हे दुसरं अंडं, नुसतं पिवळं स्वच्छ, काहीच नाही आत. याला कोंबडा लागलेलाच नाही, हे काढून टाकायचं. अशी पाच निघाली आज. राहिली एकतीस.

(लाईट येते. पंख्याची घरघर. थर्माकोलचा खोका.)

हे आमचं मशीन. हर्णै बंदरावर बर्फात मासळी भरून पाठवतात ना, त्यातलाच थर्माकोलचा खोका आहे हा. बांगड्याचा वास जायला चार दिवस उन्हात ठेवावा लागला होता. आत दोन बल्ब, जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा, एक स्वस्तातला थर्मोस्टॅट आणि झाकणाला काच. दादानं केलं हे, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. मुंबईहून गावी आला, चौदा दिवस शाळेत क्वारंटाईन झाला, तिथं मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून डोक्यात बसलं त्याच्या, की अंडी उबवायची.

काकी तेव्हा हसली होती. घरात खुडूक, म्हणजे अंड्यांवर ठाण मांडून बसणाऱ्या, कोंबड्या असताना बल्ब कशाला जाळायचे असं तिचं म्हणणं, आणि तिचं चूक नव्हतं. पण दादाचं पण चूक नव्हतं. गावठी कोंबडी बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. मग एकवीस दिवस बसणार, पुढं दोन-अडीच महिने पिल्लं घेऊन फिरणार, तोपर्यंत अंडं बंद. आणि आता वाडीत बऱ्याच जणांकडे गिरिराज नायतर वनराज जातीच्या कोंबड्या आहेत, एक बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं काढलेली, दुसरी हैदराबादच्या कुक्कुट संशोधनवाल्यांनी. त्या अंडी देतात भरपूर, पण बसायचं नाव काढत नाहीत. अंडी वाढवायची म्हणून खुडूक होण्याची सवयच काढून टाकलीय त्यांच्यातनं. मग त्यांच्या अंड्यांवर बसणार कोण?

शिवाय हिशोब सणांचा असतो इथं. गावठी कोंबडा ताटात यायला पाच-सहा महिने लागतात, म्हणजे गौरीच्या तिखटाच्या नैवेद्याला पाहिजे असेल तर अंडी शिमग्यालाच बसवायला लागतात. त्या वेळी एक पण कोंबडी खुडूक नसते, हा अनुभव सगळ्यांचा.

(जुने फोटो: आडव्या पडलेल्या पोफळी, उडालेले पत्रे.)

पहिली बॅच दादानं मे महिन्यात लावली. बारावा दिवस होता तो ३ जून. निसर्ग वादळ तिकडं श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं आणि इकडं आमच्या अंगणातली निम्मी पोफळ दुपारच्या आत आडवी झाली. लाईट गेली ती गेलीच, आमच्या वाडीत परत यायला महिना लागला. दादानं पहिली रात्र गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवल्या, वर गोधडी टाकली. अंडं थोडा वेळ गार झालं तर लगेच मरत नाही हो, कोंबडी पण दिवसातनं एकदा उठते, खाते, पाणी पिते, धुळीत लोळते, पंधरा-वीस मिनिटं अंडी उघडीच असतात. गार होण्यापेक्षा जास्त तापलं तर लवकर जातं. पण महिनाभर बाटल्या कोण बदलणार, आणि चुलीवर पाणी तापवायला सुकी लाकडं तरी कुठं होती.

काकीच्या तेव्हा दोन कोंबड्या खुडूक होत्या. दुसऱ्या रात्री कंदिलाच्या उजेडात तिनं तेरा अंडी एकीखाली सरकवली, तेरा दुसरीखाली. रात्रीच सरकवायची, दिवसा कोंबडी टोचून काढते. दहा अंडी उरली, ती गेली. सव्वीसातली सतरा फुटली. म्हणजे मशीनची पहिली पिल्लं कोंबडीनंच काढली असं काकी अजून सांगते, आलेल्या प्रत्येकाला.

दुसरी बॅच लावली श्रावणात. आता ही खरी गोष्ट.

त्यावेळी सगळं पुस्तकाप्रमाणे केलं होतं. अंडी सात दिवसाच्या आतली, टोक खाली करून ठेवलेली, न धुतलेली. धुतलं की कवचावरचा नैसर्गिक थर जातो आणि छिद्रांतनं घाण आत शिरते. फ्रीजमधलं एक पण नाही. एका बाजूला पेन्सिलीनं फुली, दुसऱ्या बाजूला गोल, म्हणजे कुठलं फिरवलं कुठलं राहिलं कळतं. दिवसातनं पाच वेळा फिरवायची, तीन तरी पाहिजेतच, आकडा विषम ठेवायचा म्हणजे रात्रीची लांब झोप रोज एकाच कुशीवर होत नाही. नाही फिरवलं तर आतला गर्भ कवचाच्या पडद्याला चिकटतो. तापमान साडेसदतीस ते पावणेअडतीस सेल्सियस, पंखा चालू. अठराव्या दिवशी फिरवणं बंद. आणि पाणी. आर्द्रता पंचावन्न टक्के ठेवा असं पत्रकात लिहिलेलं, म्हणून दादा मशीनमधली पाण्याची वाटी कधी सुकू द्यायचा नाही. आर्द्रतेच्या मीटरवर अठ्ठावन्न दिसायचं, आणि दादाला वाटायचं, थोडं जास्त असलेलं बरं.

एकविसावा दिवस गेला. बाविसावा गेला. तेविसाव्या दिवशी छत्तीसातली तीन फुटली होती. बाकीची काकीनं मागच्या पडवीत नेऊन एकेक फोडली, मी शेजारी उभा होतो. पूर्ण पिल्लू. पिसं, नखं, चोचीवरचा तो पांढरा दाणा, सगळं झालेलं. पण सगळं ओलं गच्च, चिकट पाण्यात भिजलेलं, आणि रुंद बाजूला हवेची जी पोकळी असते ती जेमतेम नखाएवढी. बुडून मेली होती ती, कवचातल्या कवचात.

त्याच पंधरवड्यात काकीच्या तांबड्या कोंबडीनं चुलीमागच्या टोपलीत अकरातली दहा काढली. खाली राख, वर पेंढा, आणि अंड्यांमध्ये एक कोळसा नि एक लोखंडी खिळा, गडगडाटानं अंडी नासू नयेत म्हणून. त्या खिळ्यावर माझा विश्वास नाही, पण दहा पिल्लं समोर फिरत असताना मी काही बोललो नाही.

काकी दादाला एवढंच म्हणाली, "तुझ्या पुस्तकातल्या गावाला पाऊस पडतो काय रे?"

आणि खरंच, तिथंच सगळं होतं. अंडं हे बंद डबी नाहीये, कवचाला हजारो छिद्रं असतात आणि त्यातनं पाणी सारखं उडत असतं. पहिल्या अठरा दिवसात अंड्याचं साधारण बारा टक्के वजन कमी व्हायला लागतं, म्हणजे पंचेचाळीस ग्रॅमचं गावठी अंडं चाळीसच्या खाली यायला पाहिजे. जेवढं पाणी जातं तेवढी पोकळी वाढते, आणि पिल्लू पहिला श्वास घेतं तो त्या पोकळीतला. पाणी गेलंच नाही तर पोकळी नाही, आणि पोकळी नाही तर श्वास कुठनं घेणार?

आता इथली हवा बघा. पावसाळ्यात बाहेर अठ्ठावीस डिग्री आणि आर्द्रता पंच्याऐंशी टक्के. तीच हवा मशीनमध्ये जाऊन पावणेअडतीसला तापली की टक्केवारी उतरते, कारण गरम हवेत पाणी जास्त मावतं, आणि ती येते पन्नासच्या आसपास. म्हणजे वाटीत थेंब न टाकता जे पाहिजे ते समुद्रानं आधीच दिलेलं असतं! डिसेंबरात तीच वाटी भरायला लागते, तेव्हा बाहेरची कोरडी हवा आत तापून तीसच्या खाली जाते. वाटी भरायची का कोरडी ठेवायची हे पत्रक ठरवू शकत नाही, खिडकीबाहेर बघायला लागतं.

आणि मीटर? त्याची पण गंमत कळली. मीटर तपासायचा तर बाटलीच्या बुचात मीठ घ्यायचं, दोन-चार थेंब पाणी, मीठ विरघळायला नको, ओल्या वाळूसारखं झालं पाहिजे. ते आणि मीटर एका झिपवाल्या पिशवीत रात्रभर बंद करायचं. सकाळी आकडा पंच्याहत्तर यायला पाहिजे, ते ठरलेलंच आहे. आमचा आला बासष्ट. म्हणजे दादा जे अठ्ठावन्न बघत होता ते होतं एकाहत्तर! दुकानदाराकडे गेलो तर तो म्हणाला मीटर आहे, सोनाराचा काटा नाही. जाऊदे.

तेव्हापासून मीटरपेक्षा पेन्सिलीवर भरवसा. सातव्या, चौदाव्या, अठराव्या दिवशी टॉर्चवर पोकळीची कड बघून कवचावर रेघ मारायची. रेघा खाली खाली सरकताना दिसल्या की बरोबर चाललंय. एकाच जागी अडकल्या तर मशीनची हवा येण्याची भोकं अजून उघडायची.

(विसावा दिवस. झाकणाची काच. आतून बारीक चिवचिव.)

आज विसावा. चौदाव्या दिवशी अजून दोन काढली होती, त्यातली रक्ताची रेघ गोल फिरून तशीच थांबलेली, म्हणजे आतला जीव मधेच गेलेला. राहिली एकोणतीस. परवा काकीनं कोमट पाण्याच्या पातेल्यात एक सोडून बघितलं होतं, ते पाण्यावर तरंगत हळूच डुललं, मग झटका देऊन थांबलं, म्हणजे आत जिवंत आहे. सगळी सोडू दिली नाहीत आम्ही. आता मात्र वाटीत पाणी आहे, अठराव्या दिवसापासून भरलंय. शेवटचे तीन दिवस सत्तरच्या आसपास लागतं, नायतर आतला पडदा सुकून पिल्लाला आवळतो.

पहाटे चारला पहिली चीर. तांदळाएवढा टवका. मग काहीच नाही, सहा तास, आठ तास. हा वेळ फार वाईट. दादानं पहिल्या वर्षी इथंच चूक केलेली, दया येऊन कवच सोललं आणि पडद्यातनं रक्त आलं. पिल्लू त्या वेळी आळसानं थांबलेलं नसतं, पडद्यातलं रक्त अंगात ओढून घेत असतं, बलकाची पिशवी पोटात घेत असतं. चोवीस तास लागले तरी झाकण उघडायचं नाही. काकी मशीनशेजारी तांदूळ निवडत बसलीय. मुद्दाम बसलीय, दादावर लक्ष ठेवायला.

दुपारी दोनला ते फिरायला लागलं. आतल्या आत गोल वळत, चोचीवरच्या त्या दाण्यानं कवच कापत, डब्याचं झाकण कापावं तसं. मग पायानं एक रेटा.

(पिल्लू बाहेर पडतं. ओलं, मान टाकून पडलेलं.)

मेल्यासारखं दिसतंय, पण तसंच दिसतं. सुकेपर्यंत आतच राहू द्यायचं. खायची घाई नाही, पोटातल्या बलकावर दोन दिवस निघतात, आणि त्याच्या चिवचिवाटानं बाकीची पण जागी होतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत पंचवीस झाली. चार राहिली ती राहिलीच. पंधरा पिल्लं बल्बखाली, पहिल्या आठवड्याला पस्तीस डिग्री, मग दर आठवड्याला तीनेक डिग्री कमी. पाचव्या-सहाव्या दिवशी मानमोडीच्या, म्हणजे राणीखेत रोगाच्या, लशीचा डोळ्यात थेंब, ते चुकवायचं नाही, एकदा चुकवलं होतं.

उरलेली दहा काकीनं मागून घेतली. तांबडीची नात खुडूक बसलीय, गेले वीस दिवस तीन फोल अंड्यांवर फसवून ठेवलीय तिला. रात्री नऊला, लाईट असताना पण बंद करून, काकीनं एकेक पिल्लू पंखाखाली सरकवलं आणि फोल अंडी काढून घेतली. कोंबडी एकदाच गुरगुरली.

(सकाळ. पाऊस थांबलाय. अंगण.)

आता बघा. आई झालीय ती. उकिरडा उकरतेय, मधेच मान वाकडी करून वर बघते. माडावर घार आहे. एक वेगळाच आवाज काढला आणि दहाच्या दहा पोटाखाली गायब.

दादानं मशीनमधली पाण्याची वाटी धुवून अंगणात ठेवलीय. पिल्लू वाटीत पडून बुडतं, म्हणून काकीनं त्यात समुद्रावरचे गोटे टाकलेत, पाणी फक्त फटींत. एक पिल्लू चोच बुडवतं, मान वर करतं, आणि गोट्यावर चढून बसतं.