गोळी, दूध आणि खाजकुयली

(कंपवाताचे रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांच्या मेळाव्यात एका औषध दुकानदाराने केलेले भाषण, थोडे संपादित करून.)

नमस्कार मंडळी. माइक जरा जवळ घेतो, मागच्या रांगेतल्या आजी कानाला हात लावून बसल्यात.

मी डॉक्टर नाही. 32 वर्षं औषधांच्या दुकानात गल्ल्यावर बसतोय, आणि त्यातली 9 वर्षं घरी अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, होता. दुकानात रोज कुणीतरी मोबाइल पुढे करतं, "हे मिळेल का? पार्किन्सन्सला चांगलं असतं म्हणे." बहुतेक वेळा ते को-एन्झाइम क्यू-टेन असतं.

ते आधी उरकून टाकू. कल्पना वाईट नव्हती. डोपामिन, म्हणजे हालचाली सांभाळणारं मेंदूतलं रसायन, बनवणाऱ्या पेशींमधला ऊर्जेचा कारखाना बिघडलेला दिसतो, क्यू-टेन त्या कारखान्यात लागतं, तर ते बाहेरून देऊन बघावं. अमेरिका आणि कॅनडात 600 रुग्णांना देऊन बघितलं, दिवसाला 1200 किंवा 2400 मिलिग्रॅम. उपयोग होत नाही असं दिसल्यावर चाचणी मध्येच थांबवली. 2014 साली ते छापून आलं. क्रिएटिन या पूरक पावडरीचं तसंच झालं, 1741 रुग्ण, रोज 10 ग्रॅम. ई जीवनसत्त्वाचा निकाल तर 1993 सालीच लागला होता, 800 रुग्णांवर. आपल्याकडे सहसा मिळते ती क्यू-टेनची कॅप्सूल 100 मिलिग्रॅमची. गिऱ्हाइकाला हे सांगितलं की विक्री बुडते आणि घरी बोलणी बसतात, ते सोडा.

या गोळ्यांनी खिसा हलका होतो, फार काही बिघडत नाही. मला धास्ती वाटते ती जे खरोखर चालतं त्याची. खाजकुयली.

कोकणातले कोण कोण आहेत? हं, हसताय म्हणजे लागलीय तुम्हाला कधीतरी. काजूच्या बागेत कुंपणावर वेल चढलेला असतो, शेंगेवर सोनेरी मखमल. लहानपणी एकदा मी ती मखमल मानेला लावून घेतली होती. आजीनं शेण थापलं, तरी संध्याकाळपर्यंत नाचत होतो. त्या शेंगेतलं बी म्हणजे कवचबीज. 1937 साली मद्रासला दामोदरन आणि रामस्वामी यांनी या बियांतून एल-डोपा वेगळं काढलं. तुम्ही कंपवातासाठी जी सिंडोपाची गोळी घेता, तिच्यातला लेव्होडोपा तो हाच; मेंदूत पोचला की त्याचं डोपामिन होतं. गोळी म्हणून तो रुग्णांना नीट लागू पडला 1967 च्या सुमारास, म्हणजे बी 30 वर्षं पुढे होतं.

लंडनमध्ये 2004 साली 8 रुग्णांवर तुलना केली. गोळीचा असर दिसायला सरासरी 69 मिनिटं लागली, 30 ग्रॅम कवचबीजाचा 35 मिनिटांत दिसला. माणसं आठच, हे विसरू नका. पुढे बोलिव्हियात 14 जणांवर 16 आठवड्यांची चाचणी ठरली, कारण तिथे अनेकांना गोळी परवडत नाही. त्यातल्या निम्म्यांनी मध्येच सोडलं, कुणाला पोटाचा त्रास झाला, कुणाच्या हालचाली आणखी बिघडल्या.

आता अण्णांची गोष्ट. एका नातेवाइकांनी कवचबीज चूर्णाचा डबा आणून दिला. रोज रात्री दुधातून एक मोठा चमचा. पहिले चार दिवस अण्णा आपले आपण उठून गॅलरीत जायला लागले, आम्ही खूश. तिसऱ्या आठवड्यात नातीचं बारसं होतं. पाळण्यापाशी खुर्चीत बसलेले अण्णा, मान वेलीसारखी वळतेय, खांदा उडतोय, हातातला पेढा तोंडापर्यंत जाईना. रात्री म्हणाले, "पलंगाखाली ती दोन पोरं कोणाची बसलीत?" आम्हाला वाटलं रोग वाढला. डॉक्टरांनी विचारलं, "आणखी काही देताय का?" आणि मी, जन्मभर औषधं विकलेला माणूस, म्हणालो, "नाही हो, काहीच नाही." चूर्ण हे औषध आहे असं माझ्या डोक्यातच आलं नाही!

झालं काय होतं ते सांगतो. नुसता लेव्होडोपा घेतला तर त्यातला बराचसा मेंदूत पोचण्याआधीच शरीरात खर्च होतो. सिंडोपात कार्बिडोपा असतो तो ही गळती अडवायला. तो चूर्णातल्या लेव्होडोपाचीही गळती अडवतो. म्हणजे गोळी न घेणाऱ्या माणसाला जो चमचा सौम्य, तोच अण्णांना चौपट पडत होता. लेव्होडोपा जास्त झाला की अंग असं आपोआप वळतं, भास होतात. आणि चमच्यात किती होतं? बियांत साधारण 4 ते 6 टक्के, पण डब्याची हमी कोण देणार! अमेरिकेत 16 कंपन्यांचं कवचबीज तपासलं, तर एका वेळच्या मात्रेत कुठे 2 मिलिग्रॅम लेव्होडोपा होता, कुठे 241. वैद्य बी दुधात शिजवून, साल काढून, नाडी बघून देतात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. फक्त वैद्यांना सिंडोपा सांगा आणि डॉक्टरांना चूर्ण. आमचा डबा डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केला. एकदम तोडायचं नसतं.

दूध म्हटलं त्यावरून आठवलं. अण्णा सकाळी 7 ची गोळी कपभर दुधाबरोबर घ्यायचे आणि 10 वाजेपर्यंत सदऱ्याच्या बाहीत हात जायचा नाही. "गोळी लागू पडत नाही," म्हणून डोस वाढवायच्या गोष्टी चालल्या होत्या. प्रथिनं आणि लेव्होडोपा आतड्यातून एकाच दारानं आत शिरतात, दूध आधी घुसलं की गोळी बाहेर ताटकळते. आम्ही गोळी साडेसहाला नुसत्या पाण्याबरोबर केली, दूध साडेसातला. आठाच्या बातम्यांना अण्णा सदरा घालून हजर. डाळ, पनीर, अंडी, सगळ्यांना हाच नियम. खायचं सोडायचं नाही, वेळ सांभाळायची. मळमळ झाली तर गोळीबरोबर एखादं बिस्किट चालतं. लोहाची गोळी मात्र दोन तास लांब ठेवा, लोह लेव्होडोपाला धरून ठेवतं.

काय म्हणालात? हो, मग काहीच घ्यायचं नाही का? घ्यायचं ना, कमी असेल ते. बी-12 तपासून घ्या, शाकाहारी घरांत ते पुष्कळदा कमी निघतं, आणि पायाला मुंग्या आल्या की सगळं खापर कंपवातावर फुटतं. डी जीवनसत्त्वही बघा, पडल्यावर हाड मोडू नये म्हणून. बद्धकोष्ठाला इसबगोल, भरपूर पाण्याबरोबर. गिळायला त्रास होत असेल तर तेही विचारूनच.

त्या काकूंनी पिशवी भरून बाटल्या आणल्यात, मघापासून बघतोय. द्या इकडे. ही कॅल्शियमची. ही... चष्मा कुठाय माझा... बघा, "मल्टिव्हिटॅमिन", आणि खाली बारीक अक्षरात लोह. काकू, काकांना ही कधी देता? सिंडोपाबरोबरच ना?