केडगावचं शेत

श्रोतेहो, नमस्कार. बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूनं शेवटच्या न्यायाचं चित्र उभं केलंय. तिथं विचारणा कशाची होते? भुकेल्याला जेवू घातलंत का, उघड्याला वस्त्र दिलंत का, आजाऱ्याची विचारपूस केलीत का. त्याच बायबलात याकोब तर त्याच्या पत्रात सरळ सांगतो, क्रियांवाचून विश्वास मेलेला आहे. आता पंडिता रमाबाईंची हकीकत ऐका. मला ती कितीदाही सांगावीशी वाटते.

1896 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तेव्हा पुण्यात शारदा सदन चालवत होत्या. विधवांची शाळा, खर्चाची ओढाताण कायमचीच. पण भूक त्यांना ठाऊक होती. तरुणपणी दुष्काळातच आईवडील डोळ्यांदेखत गेले होते, रानातला पाला खाऊन दिवस काढले होते. त्या उठल्या आणि थेट मध्य प्रांतात गेल्या. सरकारी अन्नछत्रांत त्यांना हाडांचे सापळे झालेल्या मुली दिसल्या. आणि पोरक्या मुलीमागं भुकेपेक्षा वाईट माणसं लागतात, हेही दिसलं. त्या मुलींना घेऊन आल्या. थोड्याथोडक्या नव्हे, तीनशेच्या आसपास!

आणायचं म्हणजे काय, डोळ्यांपुढं आणा. अंगावर चिंध्या, डोक्यात उवा, खरूज. उपाशी पोटाला एकदम भाकरी सोसत नाही, आधी पेजच द्यावी लागते, तीही थोडी थोडी. हे सगळं कुणीतरी आपल्या हातानं करायचं असतं. हातानं, श्रोतेहो.

त्यात पुण्यात प्लेग. सदनात आणखी माणसं ठेवायला सरकारची मनाई. मग? पुणे जिल्ह्यातल्या केडगावला फळबागेसाठी घेतलेली शंभर एकर जमीन होती. तिथं तंबू पडले, झोपड्या उभ्या राहिल्या आणि त्याचंच पुढं मुक्ती सदन झालं.

इथं एक बोलतोच. गुंड्या तुटलेले, विटलेले कपडे पिशवीत कोंबून ‘गरिबांना द्या’ म्हणायचं, याला मी दान मानत नाही. आपल्या लेकराला घालाल तेच द्या. आणि देताना फोटो कशाला हवा?

रमाबाईंनी मुलींना नुसतं पोसलं नाही. शेती, विणकाम, छपाई, सगळं शिकवलं. आंधळ्या मुलींनाही वाचायला शिकवलं. विश्वास हातांत उतरला, तो असा. 1900 च्या सुमारास गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा तिकडच्या मुलीही केडगावला आल्या. सदनातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्यांना न्हाऊमाखू घालायला माणसं कुठून आणायची? आधीच्या दुष्काळातून वाचलेल्या मुली आता हाताशी आल्या होत्या. नव्यांचं करायला त्याच पुढं झाल्या.

नमस्कार.