चाकं इथं थांबतात

(दृश्य: अंधार. डोंगराची काळी कड. विजेऱ्यांची एक ओळ हळूहळू वर सरकते आहे.)

पहाटेचे पाच वाजलेत. एप्रिलचा पहिला आठवडा. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात, सुपरस्टिशन डोंगरांच्या पायथ्याशी, पेराल्टा घळीच्या तोंडावर आम्ही उभे आहोत. फिनिक्स शहर पश्चिमेला तासाभरावर राहिलं. शेवटचे काही किलोमीटर कच्चा रस्ता आणि धूळ. आता तोही संपला.

(दृश्य: विजेरीच्या उजेडात पायवाटेवरचा फलक.)

चाकाची हद्द या फलकापाशी संपते. पुढे मोटार नाही, मोटारसायकल नाही, साधी सायकलसुद्धा नाही. जायचं ते पायी, नाहीतर घोड्यावर. ज्यांना चालता येत नाही त्यांची चाकाची खुर्ची तेवढी कायदा आत येऊ देतो. एका गटात पंधराहून जास्त माणसं नकोत, मुक्काम चौदा दिवसांहून जास्त नको. ड्रोन इथून उडवायचा नाही आणि इथं उतरवायचाही नाही. म्हणून पुढे जे काही दिसेल, ते माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून दिसेल.

(दृश्य: फलकावरची अक्षरं, जवळून.)

फलकावर शब्द आहे ‘विल्डरनेस’. आपण सहज रान म्हणून जाऊ, पण अमेरिकेत हा कायद्यातला शब्द आहे आणि त्यामागे एका माणसाची आठ वर्षं आहेत. हॉवर्ड झानायझर. १९५६ साली त्यांनी या कायद्याचा पहिला मसुदा केला. मग सुनावण्या, हरकती, पुन्हा नवा मसुदा, असे साठाहून अधिक मसुदे झाले. त्यांनी हट्टानं एक इंग्रजी शब्द धरून ठेवला, ‘अनट्रॅमल्ड’. तो जुना आहे, कुणाला कळणार नाही, बदला, असं त्यांना सांगितलं गेलं. त्यांनी तो बदलला नाही. ट्रॅमल म्हणजे घोड्याचा पायबंद. जिला माणसानं पायबंद घातलेला नाही अशी जमीन, जिथं माणूस पाहुणा म्हणून येतो आणि राहून जात नाही, अशी व्याख्या कायद्यात लिहिली गेली. मे १९६४ मध्ये झानायझर गेले. चार महिन्यांनी, ३ सप्टेंबरला, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली, तेव्हा त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस तिथं हजर होत्या. त्या दिवशी देशातली चौपन्न ठिकाणं या कायद्याखाली आली. हे डोंगर त्यातले एक. आज ही हद्द सुमारे १ लाख ६० हजार एकरांची आहे.

(दृश्य: फटफटतं. पायवाट, कोरडा ओढा, उतारावर सग्वारो निवडुंग.)

उजाडलं की आधी दिसतात ते हे. सग्वारो. सोनोरन वाळवंटाबाहेर हा निवडुंग आपणहून उगवत नाही.

याचं बी खसखशीच्या दाण्याएवढं. उघड्यावर पडलं तर ऊन जाळतं, उंदीर खातात. जगतं ते बहुधा पालो वेर्दे किंवा मेस्कीटच्या झाडाखाली पडलेलं. पालो वेर्देचं खोडही हिरवं असतं. पानं गळली तरी ते सालीतून अन्न करत राहतं. त्याच्या सावलीत सग्वारोचं रोप पहिल्या आठ वर्षांत वाढतं जेमतेम एक ते दीड इंच. आठ वर्षं, आणि अंगठ्याच्या पेराएवढं. बुटाखाली आलं तर कळणारही नाही. म्हणून वाट सोडू नका म्हणतात.

(दृश्य: कॅमेरा एका सग्वारोच्या बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सावकाश चढतो.)

पहिला हात फुटायला पन्नास ते शंभर वर्षं लागतात. या झाडाला पाच हात आहेत. अंगावरच्या उभ्या चुण्या पाहा. पाऊस पडला की मुळं पाणी ओढतात, चुण्या उलगडतात आणि खोड फुगतं. मग महिनोन् महिने ते पाणी पुरवायचं. दीडशे-दोनशे वर्षांचं आयुष्य असंच, एका पावसावरून दुसऱ्या पावसावर. ज्यांच्या सावलीत आम्ही पाठपिशव्या टेकल्या आहेत त्यातली काही झाडं फिनिक्स शहर वसायच्या आधीची असतील.

(दृश्य: चोयाचा गोळा पँटला चिकटलेला. एक हात कंगव्यानं तो उडवतो.)

हा चोया. याला लोक उडी मारणारा निवडुंग म्हणतात. उडी मारत नाही, नुसता धक्का लागला तरी फांदीचा तुकडा अंगाला येतो. काट्यांना उलटे दाते असतात. हातानं काढायला गेलं की हातात रुततो. जुने डोंगरभटके खिशात कंगवा ठेवतात तो यासाठीच.

(दृश्य: चढण. दगडी पायऱ्या. दोन्ही बाजूंना पिवळसर-तपकिरी खडकाच्या भिंती.)

खिंडीपर्यंत वाट साधारण पावणेचार किलोमीटरची आणि चढ चारशे मीटरच्या वर. भिंतीतला खडक हात लावला तर खरखरीत लागतो. ही राख आहे. सुमारे अडीच ते दीड कोटी वर्षांपूर्वीच्या काळात इथं ज्वालामुखींचे स्फोट होत राहिले. तापलेली राख थरांवर थर साचली, स्वतःच्याच उष्णतेनं आणि वजनानं चिकटून दगड झाली. मग पाणी आणि वारा लागले कोरायला.

(दृश्य: फ्रेमाँट खिंड. माणसं वर पोचतात. समोर सुळका. निवेदन थांबते. फक्त वारा.)

वीव्हर्स नीडल. पायापासून टोकापर्यंत सुमारे तीनशे मीटर. खालून चढताना हा एकदाही दिसत नाही. खिंडीत शेवटचं पाऊल पडतं तेव्हाच समोर येतो. जेकब वॉल्ट्झ नावाचा एक जर्मन माणूस १८९१ साली फिनिक्समध्ये वारला. त्याची सोन्याची खाण याच सुळक्याच्या आसपास आहे, या आशेनं माणसं शंभर वर्षांहून अधिक काळ इथं खणत आली. काही परतली नाहीत. १९८४ पासून या हद्दीत नवीन खाणीचा दावाही लावता येत नाही. यापेक्षा जास्त वेळ त्या सोन्याला द्यावासा वाटत नाही. समोर सुळका असताना तर नाहीच.

(दृश्य: खिंडीच्या पलीकडची वाट. कुदळी, पहारी, मोठ्या कात्र्या. चार माणसं एक दगड सरकवत आहेत.)

ही माणसं वाट दुरुस्त करताहेत. इंजिनावर चालणारं कुठलंच अवजार इथं आणायचं नाही, त्यामुळे सगळं हातानं. उतारावर वाटेला तिरपी, दगडांची एक रांग पुरायची. पावसाचं पाणी त्या रांगेला अडून कडेला वळतं आणि वाट धुपत नाही. दगड निवडायचा तो वजनदार. त्याचा बराचसा भाग जमिनीत जायला हवा, नाहीतर पहिल्याच लोंढ्यात निघतो. आधी चर खणायचा, दगड त्यात बसवायचा, उभं राहून डोलून पाहायचं. हलला तर काढा, चर सारखा करा, परत बसवा. हा दगड तिसऱ्यांदा बसवताहेत. एखाद्या सकाळी अशा दोन-तीन रांगा झाल्या तर खूप. नंतर काटेरी कॅटक्लॉ छाटायचा, कारण वाट झुडपांत बुडाली की लोक बाजूनं दुसरी वाट पाडतात, आणि तिथंच ती अंगठ्याच्या पेराएवढी रोपं असतात.

(दृश्य: दगड बसतो. एकजण त्यावर दोन्ही पायांनी उभी राहते. दगड हलत नाही.)

(दृश्य: खडकातला पाण्याचा खळगा, आकाशाचं प्रतिबिंब.)

असं पाणी दिसलं म्हणून त्याच्या भरवशावर यायचं नाही. दिवसाला माणशी चार लिटर पाठीवर आणायचं. उन्हाळ्यात पारा ४३ अंशांच्या वर जातो, आणि हेलिकॉप्टरनं उचलून न्यावी लागलेली माणसं दर वर्षी असतात. जुलै ते सप्टेंबर पावसाचे लोंढे याच घळींतून येतात.

(दृश्य: पूर्वेकडचा उतार. काळे पडलेले सग्वारो, मधून पिवळं वाळलेलं गवत.)

जून २०१९. वुडबरी वणवा. माणसाच्या हातून लागला आणि सुमारे १ लाख २४ हजार एकर जळलं. बाहेरून आलेलं गवत झाडांच्या मधल्या जागेत वाढलं आहे, त्यावरून आग सग्वारोपर्यंत पोचते.

(दृश्य लांबवर तसेच. निवेदन नाही.)

(दृश्य: संध्याकाळ. परतीची वाट. एका मुलीच्या पाठपिशवीला बांधलेली छोटी थैली.)

त्या थैलीत संत्र्याच्या साली आहेत. इतक्या कोरड्या हवेत साल कुजत नाही, वाळून पडून राहते. सकाळी खाल्लेल्या चार संत्र्यांचं ओझं ती दिवसभर बाळगते आहे.

(दृश्य: तिन्हीसांजा. सग्वारोच्या खोडातलं भोक.)

हे भोक गिला सुतारपक्ष्यानं पाडलेलं. निवडुंग आतून जखमेवर कडक साल धरतो, आणि सुतारपक्षी सोडून गेला की ती खोली दुसऱ्याला मिळते. आम्ही विजेऱ्या विझवून बसलो आहोत. वीत भरेल इतकीही उंची नाही त्याची, वजन चाळीस ग्रॅम. एल्फ आउल, चिमुकलं घुबड. मेक्सिकोतून हिवाळा काढून आला आहे.

(दृश्य: भोकात दोन पिवळे डोळे. घुबड बाहेर येतं, काठावर बसतं, उडतं. पडदा काळा. त्याचा आवाज चालू राहतो.)