राबलं की स्वर्ग? वेबर असं म्हणालाच नाही!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली वाद पेटलाय. ठाणे स्टेशनबाहेर सॅटिस पुलावर कोणी हात पसरला, की "धडधाकट आहेस, काम कर की" हे आपल्या तोंडून कसं निघतं? निम्म्या कमेंट्समध्ये एकच उत्तर, तेही मॅक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाच्या नावावर: "वेबरनं सांगितलंय, प्रोटेस्टंट लोक स्वर्ग मिळावा म्हणून राबायचे."

नाही हो. तेवढं डोक्यातून काढा.

आधीचं पटकन उरकू. 1517 पासून जर्मन धर्मगुरू ल्यूथरची कॅथलिक चर्चविरुद्ध बंडखोरी, त्यातून प्रोटेस्टंट पंथ निघाला. मठातल्या साधूइतकंच चांभाराचं कामही देवाचं, हे त्याचं म्हणणं. सावता माळ्याच्या मळ्यात वाढलेल्यांना यात नवल नाही. मग जिनिव्हात कॅल्व्हिन हा दुसरा प्रोटेस्टंट धर्मसुधारक, आणि सगळे अडकतात ते इथे.

कॅल्व्हिन म्हणतो, कोण तरणार ते देवानं आधीच ठरवलंय. दान, उपास, घाम, कशानंही ते बदलत नाही. मग कामानं स्वर्ग मिळणार कसा?

तरी माणसं राबली. का? निकाल लागलाय, पेपर पुन्हा लिहिता येत नाही आणि निकाल कोणी दाखवतही नाही, अशी अवस्था. पापाची कबुली ऐकून क्षमा करणारा पाद्रीही गेला. नंतरचे प्युरिटन, म्हणजे कॅल्व्हिनच्या वाटेनं जाणारे इंग्लंडमधले कडक प्रोटेस्टंट धर्मोपदेशक सांगू लागले, धंद्यात नेटानं राबा, आपण निवडलेल्यांत आहोत का ही शंका पळेल. वेबरनं 1904-05 मध्ये मांडलं ते हे. काम हे देवानं निवडल्याचं लक्षण आहे, स्वर्गाची किंमत नाही. आणि श्रीमंती म्हणजे देवाची निवड असं कॅल्व्हिन स्वतः म्हणाला नव्हता, ती पुढच्यांची भर.

अजून पटत नसेल तर दानाच्या बाजूनं बघा. आपल्याकडे दारात आलेल्याला मूठभर पीठ घातलं की पुण्य. जुन्या कॅथलिक युरोपातही तसंच. म्हणजे देणाऱ्याला भिकाऱ्याची गरज होती! पुण्य कमावताच येत नाही म्हटल्यावर ती गरज संपली. उरला एकच प्रश्न: याच्यात ते लक्षण दिसतं का?

"म्हणजे सगळा दोष प्रोटेस्टंटांचा?" अशीही एक कमेंट आहे. अजिबात नाही. गरिबांची नोंद करा, धडधाकटांना कामाला लावा, हा आराखडा आजच्या बेल्जियममधल्या ब्रूज शहरात 1526 साली व्हिव्हेस या स्पॅनिश विद्वानानं लिहिला, आणि तो कॅथलिक होता.

पुढे हीच वर्गवारी कायद्यात आली. इंग्लंडमध्ये 1601 चा कायदा: पॅरिशनं (चर्चच्या स्थानिक विभागानं) कर गोळा करायचा, असमर्थांना मदत, धडधाकटांना काम. 1834 मध्ये अट आली की वर्कहाऊसमधले, म्हणजे गरिबांना ठेवून काम करून घेणाऱ्या घरांतले, हाल सगळ्यात गरीब मजुरापेक्षाही जास्त हवेत, म्हणजे गरजू असेल तोच येईल. मग तोच विचार आपल्याकडे: 1877 च्या दुष्काळात रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्यानं सरकारी मदतकामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य, म्हणजे जेमतेम 450 ग्रॅम, आणि वर किरकोळ पैसे ठरवले.

आणि आपला 1959 चा मुंबई भीक प्रतिबंध कायदा? त्यात हात पसरायचीसुद्धा गरज नाही. उदरनिर्वाहाचं साधन दिसत नाही आणि भिकेवर जगत असावा असं वाटेल अशा अवस्थेत सार्वजनिक जागी फिरणं किंवा थांबणं, तेही व्याख्येत बसतं. पहिल्याच वेळी 1 ते 3 वर्षं भिक्षेकरीगृहात ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयानं 2018 मध्ये याची मुख्य कलमं दिल्लीपुरती रद्द केली.

'असावा असं वाटेल' म्हणजे कोणाला वाटेल? आधी पकडणाऱ्या पोलिसाला. कळव्याच्या किंवा तुर्भ्याच्या एखाद्या नाक्यावर दुपारपर्यंत काम न मिळालेला, मळक्या कपड्यातला बिगारी त्याला कसा दिसेल, ते कमेंटमध्ये लिहा.