भिलार: पोरांची खोली

(व्हिडिओचं निवेदन. ड्रोन, सकाळ)

खाली हे एकाला एक लागून पट्टे दिसतायत ना, ते स्ट्रॉबेरीचे वाफे. वाफ्यावर मल्चिंग पेपर, म्हणजे प्लास्टिकचा पातळ कागद, अंथरतात आणि त्याच्या भोकातनं रोप वर येतं, म्हणून लांबून बघितलं की सगळं शिवार चमकतंय असं वाटतं. पाचगणी सोडून महाबळेश्वरकडे निघालं की मधे हे गाव, भिलार, पुस्तकांचं गाव, इथे घराघरांत मराठी पुस्तकं वाचायला ठेवलीत. सप्टेंबरच्या आसपास लागण, दिवाळी झाली की फळ सुरू, मग पार एप्रिलपर्यंत तोडणी. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाची सरकारी ओळख, मिळालं, त्यात भिलारची शेतं आलीच. तर अशा गावात सकाळी सकाळी कुणाला पुस्तकाबिस्तकांचं विचारू नका, सगळे बॉक्स भरण्यात असतात, गाडी चुकली तर माल पडून राहतो.

पुस्तकांची वेळ नंतरची. उन्हं ओसरीवर आली की.

(गल्ली, रंगवलेल्या भिंती, कॅमेरा सावकाश)

आता भिंती बघत चला. ही चित्रं २०१७ च्या सुरुवातीची, 'स्वत्व' म्हणून संस्था आहे, तिचे चित्रकार आले होते, पंचाहत्तरच्या आसपास माणसं, आणि त्यांनी घरं रंगवली, म्हणजे चुना मारल्यासारखी नाही बरं का, ज्या घरात जी पुस्तकं त्या विषयाला धरून. कुणाच्या ओसरीत कादंबऱ्या, कुणाकडे कविता, कुठे इतिहास, कुठे लोकसाहित्य, एके ठिकाणी नुसते दिवाळी अंक. दारात बोर्ड असतो, आत काय आहे ते सांगणारा. आपण चाललोय बालसाहित्याकडे, पण त्याआधी थोडं मागचं सांगतो, तोवर तुम्ही भिंती बघा.

कल्पना आली वेल्समधनं. तिथे हे-ऑन-वाय नावाचं छोटं गाव आहे, साठच्या दशकात तिथे जुन्या पुस्तकांची दुकानं निघायला लागली, एकाची दोन, दोनाची चार, आणि होता होता सगळं जग त्याला पुस्तकांचं गाव म्हणायला लागलं. आपल्याकडे तेव्हाचे मराठी भाषा मंत्री विनोद तावडे यांनी ती कल्पना उचलली आणि काम दिलं राज्य मराठी विकास संस्थेला. पण एक गोष्ट अगदी उलटी केली, आणि मला विचाराल तर तीच चांगली केली. तिकडे पुस्तकं विकतात, इकडे विकायचीच नाहीत. या, बसा, वाचा, जागच्या जागी ठेवा. पैसे नाहीत, मेंबरशिप नाही, अनामत रक्कम नाही.

४ मे २०१७ ला मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांच्या हस्ते उद्घाटन झालं. २५ ठिकाणं, १५ हजारांच्या आसपास मराठी पुस्तकं. कपाटं, टेबलं, खुर्च्या, अंगणात लावायच्या रंगीत छत्र्या हे सरकारकडनं आलं.

आणि जागा? जागा गावाची. हे जरा नीट ऐका कारण बातम्यांमध्ये हे एका ओळीत उरकलं होतं. घरं, शाळा, देऊळ, लॉज, सगळ्यांनी आपणहून जागा दिल्या. शेतकऱ्याच्या घरातली पुढची खोली काय रिकामी असते का? पाहुणा आला की तो तिथेच झोपतो, लग्न निघालं की पत्रिका तिथेच लिहायला बसतात, सीझनला रिकामे बॉक्स छतापर्यंत लागतात. ती खोली झाडून, सामान आत सारून, अनोळखी माणसांसाठी दिवसभर उघडी ठेवायची म्हणजे घरातल्या बाईचं काम किती वाढलं याचा विचार करा. सकाळी केर काढायचा, खुर्च्या मांडायच्या, वाचून झालं की लोक कुठेही टाकून जातात ती पुस्तकं परत लावायची, मधेच कुणीतरी पाणी मागणार, कुणीतरी बाथरूम कुठंय विचारणार, कुणीतरी पुस्तक बाजूला ठेवून स्ट्रॉबेरी काय किलो म्हणणार. उद्घाटनाच्या फोटोत पुढारी आहेत, या बायका नाहीत. म्हणून आपल्या व्हिडिओत हातांचे शॉट जास्त घेतलेत, ते एडिटिंगमध्ये कापू नका.

(दार, चपलांचा ढीग, मग आत)

ही पोरांची खोली.

चपला बघा आधी. लाल मातीनं भरलेल्या, उलट्या सुलट्या, एक इकडे एक तिकडे. आजी दारातच बसलेल्या आहेत, त्यांचा नियम एकच, "चपला भाईर काढा, मग काय बी वाचा." आम्हीपण काढल्या, ट्रायपॉडचे पाय पुसून घेतले.

आता एक गंमत सांगतो, मुलांच्या पुस्तकांची अडचण काय असते. मोठ्यांची कादंबरी जाड, तिला कणा असतो, कण्यावर नाव असतं, कपाटात उभी केली की लांबनं वाचता येतं. मुलांचं पुस्तक पातळ, सोळा पानं, चोवीस पानं, मधे दोन पिना मारलेल्या. त्याला कणाच नाही. ते कपाटात उभं ठेवलंत की संपलं, नाव दिसत नाही, चित्र दिसत नाही, नुसत्या कागदाच्या कडा. मूल काही ते एकेक ओढून बघत नाही, ते निघून जातं. कितीतरी वाचनालयांत बालविभाग म्हणजे असं एक कपाट असतं, वर कुलूप, किल्ली ग्रंथपालांच्या ड्रॉवरमध्ये आणि ग्रंथपाल जेवायला गेलेले. मी ज्या गावात वाढलो तिथे असंच होतं, कपाटाच्या काचेला नाक लावून चित्रं बघायची आणि घरी यायचं, वर्गणी मात्र दर महिन्याला.

(क्लोजअप, टेबल)

म्हणून या टेबलावर कॅमेरा जरा थांबवलाय. पुस्तकं आडवी पसरून ठेवलीत, चित्राची बाजू वर. हत्ती, आगगाडी, चंद्र, कुणाचंतरी मोठ्ठं नाक. कोपरे सगळ्यांचे मऊ झालेत, एकाला सेलोटेप, एकावर लालसर डाग आहे तो बघा, झूम केलाय, तो रंगाचा नाही, स्ट्रॉबेरीचा आहे. आजींना विचारलं तर म्हणाल्या, डाग पडला म्हणजे कुणीतरी वाचलं. यावर ग्रंथालयशास्त्र शिकलेले लोक नाराज होतील, होऊ देत.

या छोटीकडे बघा. बोट ठेवून वाचतेय. जोडाक्षर आलं की बोट थांबतं, ओठ हलतात, मग बोट पुढे जातं. तिच्या मागे दोघं एका पुस्तकावर, एकाला पान उलटायचंय, दुसऱ्याचं अजून वाचून झालं नाही, मग ढकलाढकली, मग एकजण उठून दुसरं पुस्तक आणतो आणि दोन मिनिटांनी परत पहिल्यावरच येऊन बसतो. आवाज चालू द्या मागे. गप्प बसा असं इथे कुणी म्हणत नाही, आणि म्हटलं तरी ऐकणार कोण.

पाचगणी इथून अगदी जवळ. पाचगणी म्हणजे इंग्रजी बोर्डिंग शाळांचं गाव, किमिन्स, सेंट पीटर्स, बिलिमोरिया, शंभर-शंभर वर्षांच्या शाळा, लांबलांबची पोरं तिथे शिकायला येतात. त्याच डोंगरावर ही जिल्हा परिषद शाळेतली पोरं, यांचं बोलणं मराठीत, भांडण मराठीत, पण पाठ्यपुस्तक सोडून हातात धरायला मराठी पुस्तक कुठलं? किराणा दुकानात वही मिळते, पेन मिळतं, गोष्टीचं पुस्तक मिळत नाही. त्यासाठी वाई नाहीतर सातारा गाठायचं, आणि स्ट्रॉबेरीच्या सीझनमध्ये कुठला बाप पोराला पुस्तकासाठी साताऱ्याला नेणार? आता गोष्टीचं पुस्तक शेजारच्या ओसरीवर आहे, शाळा सुटली की दप्तरासकट आत.

आणि शनिवार-रविवारी उलटा सीन. पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात. आईबाप मराठी, घरात मराठी, पण पोरगं इंग्लिश मीडियमचं, त्याला देवनागरी वाचायला जड जातं. बाबा लोक कपाटापुढे उभे राहून 'किशोर'चे जुने अंक आहेत का विचारतात, बालभारतीचं मासिक, १९७१ पासून निघतंय, यांच्या लहानपणी घरी यायचं. बाबा शोधण्यात गुंग, आणि मुलगा कंटाळून मोबाइल मागतोय. मग इथलंच एक पोरगं त्याच्याजवळ जाऊन बसतं.

(इथे निवेदन नाही. वाचण्याचा मूळ आवाज तसाच ठेवा, पूर्ण गोष्ट संपेपर्यंत. लांब झालं तरी चालेल.)

पावसाळ्याचं फुटेज आपल्याकडे नाही. महाबळेश्वरचा पाऊस सगळ्यांना माहीत आहे, धुकं घरात शिरतं, कागद ओल धरतो, कपाटात वास यायला लागतो आणि मग ऊन पडलं की पुस्तकं वाळवायचा उद्योग. तोही त्याच बायकांकडे.

(पुन्हा बाहेर, संध्याकाळ, गल्लीत गाड्यांची गर्दी)

गावाला काय मिळालं? माणसं यायला लागली, राहायला लागली, जेवायला लागली, जागा वाढल्या, पुस्तकं वाढली. सरकारनं पुढे वेरूळ, नवेगावबांध, अंकलखोप आणि बाळशास्त्री जांभेकरांचं पोंभुर्ले इथेही पुस्तकांची गावं केली. काश्मीरमध्ये बांदीपोऱ्यात आरागामला पुण्याच्या 'सरहद' संस्थेनं असंच गाव उभं केलं. त्या प्रत्येकावर वेगळा व्हिडिओ होईल, सध्या नकाशा दाखवून पुढे जाऊ.

यायचं असेल तर पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावर फाट्याला पाटी आहे, गाडी गावाच्या बाहेरच लावा, गल्ल्या अरुंद आहेत आणि टेम्पो भरून माल निघत असतो. बेल शोधू नका, हाक मारा. मुलं बरोबर असतील तर पोरांच्या खोलीत आधी जा, मोठ्यांच्या कादंबऱ्या कुठे पळत नाहीत. आणि पुस्तक घरी न्यायला मिळत नाही, तेवढं पोरांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर निघताना दारात रडारड होते. तिचा शॉट आहे आपल्याकडे, चांगला लांबलचक आलाय, आजी समजूत काढतायत आणि पोरगी पुस्तक सोडत नाहीये, क्रेडिट्सच्या मागे तोच लावा.